जुनेर जातं कुठं?

वर्तमानपत्रांना रद्दीवाला आहे. बाटल्या, पत्रा, लोखंड, फुटकी बादली, सगळ्याला भंगाराच्या दुकानात किलोमागं काही ना काही भाव मिळतो. कॉलर झिजलेला शर्ट घेऊन त्याच दुकानात गेलं, तर मात्र दुकानदार हात लावत नाही. कापड ही आपल्याकडे जपून ठेवण्याची, मोजून देण्याघेण्याची चीज होती. आज जुन्या कपड्याला फुटक्या बादलीइतकीही किंमत उरलेली नाही. हे कसं झालं आणि बदलायचं असेल तर कुणी काय करायला हवं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

कपड्यांचा उद्योग शाश्वत व्हावा, त्याची अर्थव्यवस्था चक्राकार व्हावी, असं आता सरकारी धोरणांपासून दुकानातल्या लेबलांपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचा साधा अर्थ असा, की कपडा आधी भरपूर वापरला जावा, फाटला तर शिवला जावा, एकाला नकोसा झाला तर दुसऱ्याच्या अंगावर जावा आणि अगदीच निकामी झाला की त्याच्या धाग्याचा पुन्हा धागा व्हावा किंवा त्याची माती व्हावी. प्रत्यक्षात काय घडतं ते एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ सालच्या अहवालानं मांडलं होतं. २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं. टाकून देण्यापूर्वी एक कपडा जितक्या वेळा अंगावर चढतो, ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. आणि कपड्यांसाठी वापरलेल्या कच्च्या मालातला एक टक्कासुद्धा पुन्हा नव्या कपड्यात परतत नाही. चर्चा होते ती बहुतेक वेळा या शेवटच्या आकड्याची, कारण त्यात यंत्रं आहेत, शोध आहेत, गुंतवणूक आहे. मला मधला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. धडधाकट कपडा कपाटात पडून राहतो किंवा चार धुण्यांत टाकला जातो, तेव्हा त्यासाठी लागलेला कापूस, पाणी, रंग, वीज आणि माणसांची मेहनत हे सगळं वाया गेलेलं असतं. पुढं कितीही चांगलं रिसायकलिंग केलं तरी ते भरून निघत नाही.

आपल्याकडे जुन्या कापडाची वाट ठरलेली होती. सुती लुगडं नेसून नेसून विरलं की त्यातला धड भाग काढून परकर शिवला जाई, तान्ह्या मुलाची झबली, टोपडी, दुपटी होत. बाळंतिणीच्या खोलीत तर जुनंच कापड लागे, कारण नव्या कापडाची खळ आणि खरखर बाळाच्या कातडीला सोसत नाही. बाकीचं गोधडीत जाई. गोधडी घालताना आधी एक सलग लुगडं जमिनीवर ताणून अंथरतात. त्यावर धोतराचे, सदऱ्यांचे, चादरींचे तुकडे कुठं जाड कुठं पातळ होणार नाहीत अशा बेतानं पसरतात, वरून दुसरं लुगडं घालतात आणि चारी कडा आत दुमडून घेतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे सरकतो. टाका दाट असेल तर आतला तुकडा जागचा हलत नाही, आणि कितीही वेळा आपटून धुतली तरी गोधडीचा गोळा होत नाही. वरचं लुगडं विरलं की ते काढून टाकत नाहीत. त्यावरच दुसरं जुनेर चढवून पुन्हा टाके घालतात. जुन्या वाकळेची कड उसवली तर आत दोन-तीन पिढ्यांची कापडं थराथरानं सापडतात. त्यातूनही जे उरे, त्याचं पोतेरं होई, चुलीपाशी धरायचं फडकं होई, काकडा होई.

घरात जे खपत नसे ते बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचं गाठोडं घेतलेली ही बाई मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वाड्यांत दुपारच्या वेळी येई. साडी हातात आली की ती आधी उजेडाकडे धरून पाही, दोन्ही मुठींत धरून ताणून पाही, आणि मग डब्यावर चमचा द्यायचा की नाही यावरून घासाघीस चाले. दोन्ही बाजूंना कापड कळत होतं, म्हणून ती घासाघीस रंगे. खऱ्या जरीचं लुगडं मात्र तिला मिळत नसे. जर जाळून चांदी काढणारे वेगळे असत आणि ते वजनावर पैसे देत. बोहारणीच्या हाती आलेला कपडा तिच्या घरी धुतला जाई, त्याला बटणं लागत, ठिगळ लागे, इस्त्री होई आणि पहाटेच्या बाजारात तो मजुराच्या अंगावर जायला तयार होई. या धंद्यातल्या पुष्कळ बायका गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या, जो आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. दिल्लीत रघुबीर नगरला याच समाजाच्या लोकांनी जुन्या कपड्यांचा फार मोठा पहाटबाजार उभा केला. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली, तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांबरोबर जुने कपडे विकणाऱ्या बायका होत्या. चक्राकार अर्थव्यवस्था हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी ती अर्थव्यवस्था चालवणारी माणसं आपल्या शहरांत होती. आज सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी त्यांना आत सोडत नाही, आणि सोडलं तरी स्टीलच्या डब्याची कुणाला गरज नाही.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी थोडं थांबायला हवं. गोधडीच्या टाक्यांमागं बायकांचे न मोजलेले तास होते. ठिगळाचा सदरा घालून शाळेत बसणाऱ्या मुलाला त्या ठिगळाचा अभिमान वाटत नव्हता. आणि जुनं कापड खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाच्या अंगावर जावं, हीही आपल्याकडची ठरलेली वाट होती. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा हक्क समजला जाई. असले हक्क म्हणजे अपमान आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनं शिकवलं आणि लोकांनी ते सोडले. नवं, आपल्या पैशानं घेतलेलं, स्वच्छ कापड अंगावर घालणं ही ज्यांच्यासाठी लढून मिळवलेली प्रतिष्ठा आहे, त्यांना ‘कमी कपडे घ्या’ हा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. तो उपदेश ज्यांची कपाटं उघडल्यावर कपडे अंगावर पडतात त्यांच्यासाठी आहे, म्हणजे हे पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांसाठी आहे.

गरिबी थोडी हटली, हौस वाढली, हे वाट मोडण्याचं एक कारण. त्याहून मोठं कारण कापडातच आहे. टेरिलीन आणि टेरिकॉट आलं, तेव्हा घरोघरी त्याचं स्वागत झालं. ते चटकन वाळतं, त्याला इस्त्री लागत नाही, रंग टिकतो, वर्षानुवर्षं फाटत नाही. धुणं बडवून हात सोलपटलेल्या बायकांना हा मोठाच दिलासा होता. पण तेच कापड जुनं झाल्यावर कशालाच उपयोगी पडत नाही. त्याची गोधडी घाम शोषत नाही, त्याचं पोतेरं पाणी टिपत नाही, त्याची वात केली तर वितळून गळते. ‘टेक्स्टाइल एक्स्चेंज’ या संस्थेच्या हिशेबानुसार २०२३ साली जगात सुमारे १२.४ कोटी टन तंतू तयार झाले आणि त्यातलं ५७ टक्के पॉलिस्टर होतं. कापूस साधारण पाचव्या हिश्शावर आला आहे.

नुसतं पॉलिस्टर असतं तरी एक वेळ मार्ग निघाला असता. खरी अडचण मिश्रणाची आहे. जुन्या कपड्यांची निवड करणाऱ्या माणसाला शंका आली तर तो कडेचा एक दोरा ओढून काडीवर धरतो. सुती दोरा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटांत चिमटली की उडून जाते. पॉलिस्टर आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी धरतं. आजच्या शर्टाचा दोरा पेटवला तर दोन्ही गोष्टी एकदम घडतात. राख आणि मणी एकाच टोकाला. सूत कातणाऱ्या गिरणीला तो सुती म्हणून चालत नाही आणि प्लॅस्टिक वितळवणाऱ्या कारखान्याला प्लॅस्टिक म्हणून चालत नाही. जीन्स अंगाला ताणून बसावी म्हणून तिच्यात दोन-तीन टक्के इलॅस्टेन घालतात, तेवढ्यानंही पुढच्या यंत्रांत अडथळा येतो. ‘शंभर टक्के कॉटन’ असं छापलेला शर्टसुद्धा बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवलेला असतो. कपड्याच्या शेवटाचा निर्णय असा त्याच्या आरंभीच, कापड ठरवणाऱ्याच्या टेबलावर होऊन जातो. गिऱ्हाइकानं नंतर कितीही सद्भावनेनं तो कपडा वेगळ्या पेटीत टाकला तरी त्याला फार काही साधता येत नाही.

पानिपत मराठी माणसाला एकाच कारणासाठी ठाऊक असतं. कापडाच्या जगात या गावाची ओळख वेगळी आहे. युरोप-अमेरिकेत टाकलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून इथं येतात आणि त्यांचं पुन्हा सूत होतं. ही विद्या मूळची इंग्लंडमधल्या यॉर्कशरची. बॅटली या गावी १८१३ साली बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून सूत काढलं. त्याला शॉडी म्हणतात. इटलीतलं प्रातो हे शहर याच धंद्यावर वाढलं, आणि पुढं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानिपतनं तो मोठ्या प्रमाणावर उचलला. घालण्याजोगे जुने कपडे आयात करायला आपल्याकडे निर्बंध आहेत, म्हणून कोट, स्वेटर फाडून चिंध्यांच्या स्वरूपात आणावे लागतात. गोदामात त्यांचे डोंगर लागतात आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी बायका बसलेल्या असतात. विळीसारख्या उभ्या पात्यावर एकेक कपडा ओढून त्या बटणं, चेन, अस्तर, लेबल वेगळं करतात. मग रंगाप्रमाणे ढीग पडतात. लाल लालमध्ये, निळा निळ्यात. हे काम वरवर पाहता मामुली वाटतं, पण सगळा धंदा त्यावर उभा आहे, कारण लाल चिंध्यांचं सूत लालच निघतं आणि ते पुन्हा रंगवावं लागत नाही. कापडाच्या उद्योगात नद्यांचा सर्वाधिक नाश करणारी पायरी म्हणजे रंगाई, आणि ती इथं निव्वळ माणसाच्या नजरेच्या जोरावर टळते. या सुताची जाडीभरडी ब्लँकेटं होतात. भूकंपात, पुरात, थंडीच्या लाटेत वाटली जाणारी ब्लँकेटं वर्षानुवर्षं पानिपतहून जात आली.

मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ हा २०१२ सालचा छोटा माहितीपट या बायकांवर आहे. परदेशातले लोक इतके चांगले कपडे का टाकत असतील, याचा तर्क त्यांतली एक करते. तिकडं पाणी फार महाग असावं, त्यामुळं धुण्यापेक्षा टाकणं त्यांना परवडत असेल, असं तिला वाटतं. तिच्या अनुभवात न बसणाऱ्या एका वागण्याला तिनं लावलेला हा अर्थ आहे, आणि तो अगदी सुसंगत आहे. पाणी महाग असेल तरच माणूस असा वागेल, एरवी असं वागण्याचं कारणच काय?

पण पानिपतकडे आदर्श म्हणून बोट दाखवून मोकळं होता येत नाही. चिंध्या पिंजताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते. शिवाय गेल्या दशकात या धंद्याला मोठा धक्का बसला, तो नव्याकोऱ्या पॉलिस्टरच्या फ्लीस ब्लँकेटांचा. ती हलकी, मऊ, रंगीत आणि स्वस्त. जुन्या लोकरीतून काढलेल्या जड ब्लँकेटाचं गिऱ्हाईक त्यांनी ओढून नेलं, आणि पानिपतमधल्या पुष्कळ कारखानदारांनी स्वतःच फ्लीसची यंत्रं बसवली. खनिज तेलापासून बनलेलं नवं ब्लँकेट जुन्या कपड्यापासून बनलेल्या ब्लँकेटाहून स्वस्त पडतं, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तेल काढण्यापासून ते अखेर कचरा पुरण्यापर्यंतचा खर्च त्या ब्लँकेटाच्या किमतीत नाही. तो कुणीतरी दुसरं सोसतं. जोवर हे असं आहे, तोवर जुन्यातून नवं करणारा प्रत्येक धंदा बाजारात एक हात बांधून उतरतो.

तंत्रज्ञानानं हा प्रश्न सुटेल, ही आशा अधूनमधून उसळते. स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीनं जुन्या सुती कपड्यांचा रासायनिक पद्धतीनं लगदा करून त्यातून नवा धागा काढण्याचा कारखाना २०२२ साली सुंद्सवाल शहरात सुरू केला. माल चांगला होता, मोठमोठ्या ब्रँडांनी कौतुक केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, कारण खरेदीच्या ऑर्डरी पुरेशा आल्या नाहीत. नंतर नव्या मालकांनी तो कारखाना घेतला, तरी धडा स्पष्ट आहे. दुसरीकडे ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ असं लेबल लावून जे कपडे खपतात, त्यांचा धागा जवळजवळ सगळा पाण्याच्या आणि सरबतांच्या बाटल्यांपासून आलेला असतो, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीची पुन्हा बाटली करता येते, आणि तीही अनेकदा. तिचा टी-शर्ट केला की पुढची वाट बहुधा कचराडेपोची. त्या लेबलाला चक्र म्हणणं मला पटत नाही.

शाश्वततेचा विचार कपड्याच्या शेवटापासून सुरू करून चालत नाही, म्हणून या पुस्तकात शेत आणि रंगशाळा यांनाही जागा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले. ‘कॉटन’ म्हणजे आपोआप निर्मळ, असं मानणाऱ्यानं तो हंगाम आठवावा. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगशाळांचं पाणी नोय्यल नदीत इतकं सुटलं, की शेतीसाठी बांधलेलं ओरत्तुपालयम धरण रंगीत खाऱ्या पाण्याचा साठा होऊन बसलं. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगशाळा बंद करायला लावल्या, आणि त्यानंतर पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची संयंत्रं तिथं नेटानं चालू झाली. सक्ती झाल्यावर जमलं, ही त्यातली लक्षात ठेवण्याची बाब आहे.

भारतात दर वर्षी सुमारे ७८ लाख टन कापडकचरा जमतो, असा ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेचा २०२२ चा अंदाज आहे. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त घराघरांतून येतो, तर ४२ टक्के गिरण्या आणि शिवणकारखान्यांतल्या कात्रणांचा आहे. या सगळ्यापैकी ५९ टक्के माल कुठल्या ना कुठल्या रूपानं पुन्हा कापडाच्या धंद्यात परततो. हे श्रेय कुठल्याही सरकारी योजनेचं नाही. ते बोहारणींचं, चिंधीवाल्यांचं, कात्रणं विकत घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचं आणि पानिपतच्या बायकांचं आहे. नव्या व्यवस्थेची आखणी करणाऱ्यांनी या माणसांना बाजूला सारून यंत्रं बसवली, तर ते अन्यायाचं तर होईलच, शिवाय तोट्याचंही होईल, कारण हात लावून कापड ओळखण्याचं इतकं ज्ञान दुसरीकडे कुठंही जमलेलं नाही. नवी मुंबई महापालिकेनं बेलापूरला जुन्या कपड्यांसाठी वेगळं केंद्र सुरू करून बचतगटांच्या महिलांना त्या कामात घेतलं, ही म्हणूनच मला योग्य दिशेची सुरुवात वाटते.

पण गोळा करून, निवडून झाल्यावर राख आणि मणी एकदम देणाऱ्या त्या शर्टाचं काय करायचं, याचं उत्तर महापालिकेजवळ असू शकत नाही. ते शर्ट बनवणाऱ्याकडून घ्यावं लागेल. फ्रान्सनं २००७ सालीच कायदा करून कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीचा खर्च उचलायला लावला. २०२३ पासून त्याच निधीतून कपडे आणि पादत्राणं दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात काही युरोंची सूट मिळते, म्हणजे नवा कपडा खपवणाऱ्याच्या पैशातून जुन्याला रफू होतं. युरोपीय संघाच्या सर्व देशांत १ जानेवारी २०२५ पासून कापडकचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे प्लॅस्टिकची वेष्टनं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, बॅटऱ्या आणि टायर यांच्या उत्पादकांवर अशी जबाबदारी कायद्यानं टाकलेली आहे. कपड्यांवर ती नाही. महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणाचं नाव ‘एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८’ असं आहे, आणि राज्यात पिकणाऱ्या कापसावर राज्यातच प्रक्रिया व्हावी हा त्याचा मोठा उद्देश आहे. तो रास्तच आहे. विदर्भात पिकलेल्या कापसाचं सूत आणि कापड विदर्भातच झालं, तर रोजगार तिथं राहील. त्याच धोरणाखाली अनुदान घेणाऱ्या कारखान्याला एवढं विचारायला काय हरकत आहे, की तुमच्या कापडात कोणते तंतू किती टक्के आहेत, ते वेगळे होऊ शकतात का, आणि ते विरल्यावर परत घेण्यासाठी किलोमागं तुम्ही किती रुपये द्यायला तयार आहात?